बँकेच्या जाहिरातीतून कापलेला शब्द

मंडळी, आज जरा इतिहास. मी सीए, चित्रकलेतली जाणकार नाही, पण ही गोष्ट सुरूच होते एका बँकेपासून.

१९१९ साली हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स हा चित्रकार कोलाज करत होता. बँकेच्या जाहिरातीतला ‘कोमेर्त्स’, म्हणजे व्यापार, हा शब्द कापताना हाती उरलं नुसतं ‘मेर्त्स’. अर्थ शून्य. त्याने तेच नाव आपल्या सगळ्या कामाला देऊन टाकलं. देश युद्ध हरलेला, सगळं मोडलेलं, तर तुकड्यांतूनच नवं करू, हा त्याचा विचार. बसची तिकिटं, वेष्टनं, पाकिटं, जे आपण पर्स झाडून टाकून देतो ते तो चिकटवायचा. पुढे तर राहत्या घराच्या खोल्याच त्याने अशा बांधत नेल्या.

मग नाझी आले. १९३७ मध्ये तो मुलापाठोपाठ नॉर्वेला गेला, बायको हेल्मा घरदार सांभाळायला मागे राहिली. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेतही शिरल्या, तेव्हा बोटीने ब्रिटन. इथे ‘शत्रूदेशाचा नागरिक’ म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत वर्षाहून जास्त काळ अटक. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचं ते घर गेलं. १९४४ मध्ये हेल्मा गेली.

मला यात सगळ्यात काय भिडलं सांगू? त्याची कोलाज तारखेनुसार लावली तर चिठोऱ्यांची भाषा बदलत जाते. आधी जर्मन, मग नॉर्वेजियन, मग इंग्रजी. आम्ही ऑडिटवाले व्हाउचर बघून माणूस कुठे होता ते सांगतो, तसंच. मुलांना मी तेवढंच काम दिलं होतं: चित्र ‘समजायचं’ नाही, कागद आधी काय होता ते ओळखायचं. धाकटी पाऊण तास हलली नाही!

शेवटची वर्षं तो लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अ‍ॅम्बलसाइडला होता. पोटासाठी लोकांची पोर्ट्रेट्स काढायचा. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडून त्याला अनुदान मिळालं, ते जर्मनी-नॉर्वेतली जुनी कामं पुन्हा उभारण्यासाठी. त्याने ते वापरलं एल्टरवॉटरच्या एका गोठ्याची भिंत करायला! माझ्या धंद्यात अशा खर्चावर शेरा पडतो. पण घर, बायको, शहर काहीच उरलं नसताना जे होतं तिथेच, तिथल्याच वस्तूंनी काम सुरू करणं... मी काही शेरा मारणार नाही. एकच भिंत झाली, तीही अर्धी. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी, ८ जानेवारी १९४८ ला, तो गेला.

ती भिंत आज न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत आहे. १९६५ मध्ये रिचर्ड हॅमिल्टनच्या पुढाकाराने ती तिथे हलवली. हा हॅमिल्टन तिथे शिकवायचा, आणि १९५६ मध्ये मासिकांची चित्रं कापून केलेलं त्याचं घराचं कोलाज पॉप आर्टच्या सुरुवातीचं मानतात. भिंतीत प्लॅस्टरमध्ये रुतलेलं मुलांच्या झारीचं तोंड आहे. ते आमच्या थोरल्याला आधी दिसलं, मला नाही.

आजचं कोलाज दाखवायचं असेल तर घरी आल्यावर न्जिदेका अकुनयिली क्रॉस्बीची चित्रं उघडा. जन्म नायजेरियाचा, शिक्षणासाठी अमेरिकेत आली, आता लॉस एंजेलिसला असते. तिच्या चित्रांतल्या खोल्या साध्या दिसतात, जवळून बघितलं की भिंती, फरशी, कपडे यांवर घरच्या अल्बममधले आणि नायजेरियन मासिकांतले फोटो उमटवलेले. “आई, ही माणसं भिंतीत राहतात का?” असं धाकटीने विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे फ्रिजवर राहतात.

जाणार असाल तर: हॅटनला प्रवेश मोफत आहे, दिवस-वेळ मात्र आधी तपासा. आणि निघण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक मुलाला एक रिकामं पाकीट द्या, चिठोरे जमवायला. आमच्याकडे सध्या मेट्रोची तिकिटं, टेस्कोच्या पावत्या आणि आजीने पाठवलेल्या बाकरवडीच्या पिशवीचा कोपरा जमलाय. चिकटवायचं अजून बाकी आहे.