शंकू (सूचिपर्णी वृक्षांचा)

पाइन, देवदार, मोरपंखी इत्यादी प्रकटबीज वृक्षांचा पुनरुत्पादक अवयव. नर शंकू लहान, मऊ आणि अल्पायुषी असतो. पराग वाऱ्यावर सोडला की गळून पडतो. त्याची रचनाही साधी. उत्क्रांतीचा खरा इतिहास मादी शंकूत वाचायला मिळतो, कारण तो एक फूल नसून आखडलेली अख्खी फांदी आहे.

पाइनच्या मादी शंकूतील प्रत्येक खवल्याखाली एक छोटा छद असतो आणि खवल्याच्या वरच्या अंगावर दोन बीजके. स्वीडनचे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फ्लोरिन यांनी १९३८ ते १९४५ या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीवाश्मांवरून दाखवले, की हा खवला म्हणजे मुळात छदाच्या बेचक्यात फुटलेली आखूड डहाळी होय. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कॉर्डाइटीझ गटात ही डहाळी सुटी, पानांसकट दिसते. (हा गट थेट पूर्वज नव्हे, भावकीतला, असे आता मानतात.) आद्य सूचिपर्णींत ती चपटी होत गेली आणि पुढे तिचे भाग जुळून एकसंध खवला बनला. ज्युरासिक काळापासून काही कुळांचे शंकू जाड व घट्ट मिटणारे झाले. बिया खाणाऱ्या प्राण्यांचा उपद्रव हे त्याचे पटण्याजोगे कारण दिले जाते.

नाशिकच्या रानात सूचिपर्णी वृक्ष आपोआप उगवत नाहीत. बागांतली मोरपंखी मात्र अभ्यासाला पुरते. तिचा कोवळा मादी शंकू निळसर हिरवा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. समोरासमोर बसलेल्या सहा-आठ खवल्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. छद आणि खवला येथे इतके एकजीव झालेले असतात, की वेगळे काढता येत नाहीत. पिकल्यावर तपकिरी खवले उघडतात आणि बिनपंखी बिया पडतात. सुरूची काटेरी बोंडे शंकूसारखी दिसली, तरी सुरू सपुष्प वृक्ष आहे. ती बोंडे म्हणजे फळांचे झुबके.

महाराष्ट्रात पूर्वी सूचिपर्णी होते. नाशिकचे डोंगर ज्या दख्खन लाव्हाचे, त्याच लाव्हाच्या थरांमध्ये पूर्वेकडे सापडलेल्या गाळातील एका शंकूचे वर्णन बीरबल साहनी यांनी १९३१ मध्ये केले. नागपूरजवळच्या टाकळीवरून त्याला टाकलीओस्ट्रोबस हे नाव मिळाले.