आजीचा स्वेटर उसवायचा का?

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात लेकीने कपाटातून माझ्या आईने विणलेला स्वेटर काढला. मी सातवीत असतानाचा, निळा-पांढरा. "आई, हा उसवू का? या लोकरीत मला माझं डिझाईन करायचंय." माझ्या पोटात खड्डाच पडला. आई जाऊन चार वर्षं झाली. तिच्या हातची एवढीच वस्तू इथे ब्रिटनमध्ये माझ्याकडे आहे. मी "बघू" म्हटलं. आमच्याकडे "बघू" म्हणजे "नाही", हे तिलाही ठाऊक आहे.

लेकीला सध्या 'फेअर आयल' विणकामाचं वेड आहे. परंपरा जशीच्या तशी जपायची असते हे तिला पटवायला पुरावा हवा, म्हणून मी त्याचा इतिहास वाचायला घेतला. निघालं भलतंच.

फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधलं जेमतेम तीन मैल लांबीचं बेट. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'एल ग्रान ग्रिफॉन' हे जहाज तिथे फुटलं, आणि त्या खलाशांनी बायकांना नक्षी शिकवली, अशी दंतकथा आहे. जहाज फुटलं हे खरं, पण नक्षीच्या गोष्टीला पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नमुन्यांत लाल रंग मंजिष्ठाचा आणि निळा रंग निळीचा असे. त्या काळी ब्रिटनच्या बाजारात नीळ येई ती मुख्यतः बंगालमधून. म्हणजे त्या 'अस्सल' टोपीतला निळा रंगसुद्धा बाहेरून आलेला!

पुढचा भाग वाचताना माझ्यातली सीए जागी झाली. शेटलंडच्या बायका घरी विणायच्या आणि माल दुकानदाराला द्यायच्या. मोबदला रोख नाही, तर चहा, कापड असा मालातच. पीठ हवं असेल तर तो चहा दुसऱ्याला देऊन पीठ मिळवायचं. १८७२ मध्ये सरकारी चौकशी झाली आणि या बायकांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या. आपण ज्याला सुंदर परंपरा म्हणतो, तिच्यामागे असा हिशोब होता. नवी नक्षी शोधणं हा त्यांचा नुसता छंद नव्हता. माल खपला तरच चूल पेटायची.

मग १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना फेअर आयल स्वेटर घातला आणि मागणी एकदम वाढली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून निर्वासित शेटलंडला आले, आणि पुढे नॉर्वेचे मोठे तारे या स्वेटरांवर सर्रास दिसू लागले. बायका चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवून ठेवत. नियम मोजकेच. एका ओळीत रंग दोनच, आणि नक्षीचे टाके एकूण टाक्यांत पूर्ण बसले पाहिजेत. २४० टाके असतील तर १२ टाक्यांची नक्षी २० वेळा येते. १३ ची घेतली तर शेवटी जुळत नाही. बाकी मोकळीक.

आणखी एक गोष्ट वाचून तर अंगावर काटाच आला. हा स्वेटर नळीसारखा गोल विणतात आणि पुढून उघडा हवा असेल तर विणलेला भाग सरळ कात्रीने कापतात! शेटलंडची लोकर एकमेकींना धरून ठेवते, म्हणून टाके सुटत नाहीत.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगत होते. ती हसून म्हणाली, "अगं, तुझा तो स्वेटर तरी नवा कुठे होता? तुझ्या बाबांचा जुना स्वेटर उसवून ताईने केला होता. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड्या केल्या, धुतल्या, वाळवल्या. निळी कमी पडली म्हणून पांढरी आणली." मी गप्पच झाले. ते पांढरे पट्टे मला कायम आईची खास आवड वाटत आले होते.

परवा लेक आणि मी मिळून स्वेटर उसवला. ॲक्रिलिक लोकर, त्यामुळे कात्री लावायची सोय नाही. तोंड शोधून ओळ ओळ काढावी लागली. मी लड्या करत होते, ती गुंडे गुंडाळत होती. मध्येच मला रडू आलं, नाही असं नाही. एक बाही मात्र मी तशीच ठेवली आहे.

लेकीने आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीतलं कमळ चौकटीच्या कागदावर उतरवलंय. पहिल्या प्रयत्नात टाके जुळले नाहीत, दोन कमी पडले. आता बेरीज तपासायला माझ्याकडे आली आहे.

तुमच्याकडे आहेत का असे स्वेटर? मुलांनी हात लावला तर काय करता? नक्की लिहा.