भूर्जपत्रांची बिनशिवणीची जोडणी

पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेंत डॉ. ब्यूलर यांनीं १८७५ सालीं काश्मिरांतून मिळविलेल्या भूर्जपत्रावरील पोथ्या आहेत. त्यांतील शारदा लिपीची ऋग्वेदाची पोथी, २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत नोंदलेल्या तेथील ३० ऋग्वेद-पोथ्यांपैकीं एक होय.

अशा पोथीचें पान एकसंध दिसलें तरी तें सालीच्या अनेक पापुद्र्यांचें असतें. झाडाचा नैसर्गिक डिंक, सालीवरील आडव्या रेषा व गांठी यांनींच हे पापुद्रे एकमेकांस धरून असतात. काळानें डिंक सुकला म्हणजे ते सुटतात, आणि एका पानाच्या दोन बाजू दोन तुकड्यांवर जातात.

अकराव्या शतकांतील अल्-बीरूनीनें जुनी रीत नोंदली आहे ती अशी: साल तेल लावून घोटावी, सुट्या पानांवर अंक घालावे, पोथी वस्त्रांत गुंडाळून दोन फळ्यांमध्यें बांधावी. यांत खळ नाहीं, दोरा नाहीं. पानांचा क्रम केवळ अंकांवर. काश्मिरांत पुढें चामडी बांधणी रूढ झाली. आपल्याकडील कागदी पोथ्यांनीं मात्र सुटीं पानें, फळ्या व रुमाल हीच रीत राखली.

म्हणून चिंचवड-चाकणकडील संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, भूर्जपत्र हातीं आल्यास तें शिवूं नये, खळीनें चिकटवूं नये. सुटलेला पापुद्रा कचरा समजूं नये. तो कोणत्या पानाजवळ सांपडला हें वेगळ्या कागदावर लिहून त्याच जागीं ठेवावा. पानाची हरवलेली बाजू कदाचित् त्याच्यावरच असेल.