अळंबी, फ्रीज आणि सातवा महिना

मागच्या रविवारी आमच्या घरात मश्रूमवरून छोटंसं महाभारत झालं. बायकोला सातवा महिना लागलाय. तिला मश्रूम मसाला खावासा वाटला, म्हणून मी बटन मश्रूमचं पाकीट आणलं. आजीने ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "पोटुशी बाईने अळंबी खायची नसते." बायको म्हणाली, "आजी, डोहाळे मला लागलेत, तुम्हाला नाही." मी मधे उभा! इंजिनिअर माणूस, बग आला की लॉग उघडायचा एवढंच येतं. म्हणून या नियमाचाच लॉग उघडला.

तर सुरुवात खूप जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अळंबीचे प्रकार सांगितलेत ते ती कुठे उगवते त्यावरून: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर. मनुस्मृतीने तर द्विजांना लसूण-कांद्याबरोबर अळंबीही वर्ज्य सांगितली. म्हणजे माणूस अळंबीकडे दोन हजार वर्षं तरी जरा जपूनच बघतोय.

आणि त्याला कारण आहे. काही रानटी अळंब्यांमधलं विष उकळूनही जात नाही. वर पहिले काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, आणि तोवर यकृत बिघडायला लागलेलं असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यात चहामळ्यातली माणसं बरीच होती. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किडे लागलेत म्हणजे चांगली, या सगळ्या खुणा खोट्या आहेत. कोकणात पावसाळ्यात वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खातात, पण तिथे ओळखणारी अनुभवी नजर असते. आजीच्या लहानपणी अळंबी म्हणजे हीच, रानातली. तिचा नियम त्या काळासाठी चोख होता.

मग गोष्ट बदलली कुठे? पॅरिसमध्ये. १९व्या शतकात तिथल्या जुन्या दगडखाणींत, अंधारात, घोड्याच्या लिदीच्या खतावर बटन मश्रूमची शेती चालायची. १८९४ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं शुद्ध बियाणं तयार करण्याची पद्धत निघाली. आता जे पेरलं तेच उगवणार! आपल्याकडे १९६० च्या दशकात हिमाचलमधल्या सोलनला ही शेती सुरू झाली. 'ही कुठली अळंबी?' हा प्रश्न पाकिटापुरता तरी सुटला.

पण एक प्रश्न सुटला की दुसरा येतोच. १९२६ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या मेलेल्या सशांमधून एक जीवाणू शोधला. आज त्याचं नाव लिस्टेरिया. याची खोड अशी की तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. तो अन्नातून माणसात येतो हे नीट सिद्ध झालं १९८१ च्या कॅनडातल्या साथीत. मेंढ्यांचं खत घातलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवला होता, आणि त्याची कोशिंबीर लोकांनी कच्चीच खाल्ली. एकूण ४१ रुग्ण, त्यातले ३४ गरोदरपणाशी किंवा नवजात बाळांशी संबंधित. आईला साधा फ्लूसारखा ताप, पण जीवाणू वारेतून थेट बाळापर्यंत.

मार्च २०२०. सगळं जग कोरोनाकडे बघत होतं, तेव्हा अमेरिकेत अशीच एक साथ जाहीर झाली. या वेळी कारण होतं कोरियातून आलेलं एनोकी मश्रूम, ते पांढरं, शेवयांसारखं, रामेनमध्ये असतं ना, तेच. १७ राज्यांत ३६ जण आजारी, ४ मृत्यू. सहा जणी गरोदर होत्या, त्यातल्या दोघींनी बाळ गमावलं. कोरियात एनोकी एरवी शिजवून खातात, अमेरिकेत ती सॅलडमध्येही कच्ची जाते. त्यानंतर कोरियाने पाकिटावर 'गरम करून खा' असं छापणं सक्तीचं केलं.

मी इथेच थांबलो. विष उष्णतेला दाद देत नाही, लिस्टेरिया मात्र शिजवल्यावर मरतो. म्हणजे गरोदरपणात नियम दोन. रानातली, ओळख न पटलेली अळंबी अजिबात नको, कितीही शिजवली तरी. आणि शेतीतली मश्रूम ताजी घ्यायची, धुवायची, आतपर्यंत नीट शिजवायची, गरमागरम खायची. सॅलडमधली कच्ची नको, पिझ्झ्यावरची अर्धीकच्ची नको, फ्रीजमधली दोन दिवसांची भाजी नको. आणि ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून अंगावर काढायचा नाही. डॉक्टरांकडे जायचं आणि काय खाल्लं तेही सांगायचं.

हे सगळं आजीला सांगितलं. आसामचं ऐकून ती म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते?" कॅनडाचं ऐकून फ्रीजकडे वळून बघितलं. मग उठली, मश्रूम स्वतः धुतले, चिरले, आणि कढईतलं पाणी पार आटेपर्यंत हलवत बसली. बायकोच्या ताटात वाढताना एवढंच म्हणाली, "गरम आहे तोवर खा. उरलं तर ह्याला घाल."

उरलं नाही. भेटू पुढच्या भागात!