संशय नावाची अवस्था : क्रोन्सच्या आजाराचा इतिहास आणि वाट पाहणारे आईबाप

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे ‘टर्मिनल’. १९३२ सालच्या मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अधिवेशन भरलं होतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले डॉ. बरिल क्रोन तिथे निबंध वाचायला उभे राहिले. विषय होता लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाला येणारी सूज, म्हणजे जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथली. शेवटचा भाग, म्हणून नाव दिलं ‘टर्मिनल इलिआयटिस’. चर्चेत मेयो क्लिनिकच्या डॉ. बार्गन यांनी हरकत घेतली. टर्मिनल म्हटलं की लोक समजणार, रोगी आता काही वाचत नाही. हरकत पटली. त्या ऑक्टोबरमध्ये निबंध छापून आला तेव्हा नाव झालं होतं ‘रीजनल इलिआयटिस’.

निबंधात रुग्ण चौदा. लेखक तीन : क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर. शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते ए. ए. बर्ग. निबंध आपण लिहिला नाही, म्हणून त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. नावं इंग्रजी वर्णक्रमाने लावली होती. बर्ग हो म्हणाले असते तर आज आपण बर्गचा आजार म्हणत असतो. पोलंडमध्ये आजही याला लेश्न्योव्स्की-क्रोन म्हणतात, कारण लेश्न्योव्स्की नावाच्या त्यांच्या सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे रुग्ण नोंदवले होते. नावाचा इतिहास असा योगायोगाचा असतो. पण ज्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं, तिथे ते योगायोगासारखं येत नाही.

समजा सात वर्षांची मुलगी आहे. सारखं पोट दुखतं, मधूनमधून जुलाब, शाळेचा युनिफॉर्म मागच्या वर्षीचाच बसतोय. यातलं शेवटचं लक्षण आईबापांना बरेचदा लक्षण वाटतच नाही. उलट कपडे वाचले म्हणून बरं वाटतं. मोठ्या माणसात हा आजार पोटातून बोलतो. मुलात कधीकधी तो फक्त उंचीतून बोलतो, किंवा तोंडातल्या फोडांमधून, रक्त कमी होण्यातून, गुदद्वाराजवळच्या भगंदरातून. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, “क्रोन्स असू शकतो. तपासू या.” इथून पुढचे काही आठवडे ते घर ज्या अवस्थेत राहतं, तिच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

इतिहासात थोडं मागे जाऊ. १९१३ साली ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झिएल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशाच रुग्णांबद्दल लिहिलं. पहिला रुग्ण त्यांनी १९०१ मध्येच पाहिला होता. त्या आतड्याला त्यांनी मरून ताठ झालेल्या वाम माशाची उपमा दिली. सर्जन लोकांची उपमा अशीच असायची, ऐकणाऱ्याचं जेवण गेलं तरी चालेल! पण डॅल्झिएलची खरी अडचण वेगळी होती. आतडं जाड झालंय, आत गाठी आहेत, चित्र हुबेहूब क्षयाचं, आणि क्षयाचा जंतू मात्र सापडत नाही. कॉखने तो जंतू १८८२ मध्ये दाखवला होता. त्याआधी हा प्रश्न पडणंच अवघड होतं. असं आतडं दिसलं की क्षय म्हणायचं आणि पुढे जायचं. जंतू दाखवता येऊ लागला, तेव्हाच ‘जंतू नसलेला क्षय’ ही विचित्र गोष्ट डोळ्यांत भरली. डॅल्झिएलने गुरांच्या जोन्सच्या रोगाशीही साम्य दाखवलं, आणि तो वाद शंभर वर्षांनंतरही पूर्ण मिटलेला नाही.

आता आपल्याकडे या. भारतात हा प्रश्न १९१३ साली संपला नाही, तो आजही रोजचा आहे. आतड्याचा टीबी आपल्याकडे भरपूर. त्याचीही आवडती जागा तीच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. ताप तोच, वजन घटणं तेच, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा दोन्हींत. बरीच वर्षं आपल्या डॉक्टरांची समजूत होती की क्रोन्स हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे टीबीच असणार. त्यामुळे अनेकांना आधी टीबीची औषधं मिळाली आणि खरं निदान महिनोन्‌महिने मागे पडलं. उलटी चूक त्याहून महाग. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं दिली, तर टीबी अंगभर पसरू शकतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे मला इथे गौतमाची आठवण येते. न्यायसूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसराच पदार्थ आहे संशय. संशयाला त्यांनी अज्ञानात ढकललं नाही, त्याला स्वतःची जागा दिली. उदाहरण ठरलेलं : संधिप्रकाशात समोर काहीतरी उभं आहे, खांब की माणूस? उंची दोघांची सारखी, ती दिसते. ज्याने फरक कळेल ते, हातपाय किंवा ढोली, ते दिसत नाही. समान धर्म दिसतो, विशेष धर्म दिसत नाही, आणि तो जाणण्याची इच्छा असते. याला संशय म्हणायचं. क्रोन्स आणि टीबीचा प्रश्न नेमका हाच. आडव्या जखमा टीबीकडे बोट दाखवतात, उभ्या लांब जखमा क्रोन्सकडे. ग्रॅन्युलोमाच्या मधोमध पेशी मरून चीजसारखा भाग झाला असेल तर टीबी. पण हे विशेष धर्म हाताच्या तुकड्यात सापडतीलच असं नाही. मग डॉक्टर टीबीची औषधं सुरू करतात आणि दोनतीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात, जखमा भरल्या का. आईबापांना वाटतं यांना काही कळत नाही. अहो, खांबाजवळ चालत जाऊन पाहणं ही सुद्धा पद्धतच आहे.

युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २००५ मध्ये पोर्तो निकष ठरवले. त्यांचं सांगणं असं की मुलाच्या बाबतीत अंदाजावर भागवू नका. वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण घाला, बायोप्सी घ्या, लहान आतड्याचं चित्रण करा. लहान पोराला भूल द्यायची म्हणून आजीआजोबा विरोध करतात, ते मी समजू शकतो. पण सहा वर्षांखालच्या मुलात तर आणखी एक प्रश्न असतो. त्यांतल्या काहींचा आजार एकाच जनुकातल्या बिघाडामुळे असतो, आणि इंटरल्युकिन-१० च्या ग्राहकात दोष असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बराही होऊ शकतो, हे २००९ पासून माहीत आहे. तपासलं नाही तर ही संधी दिसणारच नाही.

आता दोषाबद्दल. विसाव्या शतकाच्या मध्यावर आतड्याच्या अशा सुजेचं मूळ मनात शोधायची मोठी लाट होती. फ्रान्झ अलेक्झांडरने मनोकायिक आजारांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस घातला, आणि क्रोन्सही त्याच नजरेने पाहिला गेला. मुलाला आजार झाला की आईच्या स्वभावाची चौकशी! मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत वाईट भाग वाटतो, कारण तो पुराव्यावाचून फार दिवस टिकला. २००१ मध्ये नॉड-२ हे जनुक सापडलं. पण जपानी रुग्णांत त्याचे ते बदल आढळले नाहीत, म्हणजे एवढ्यानेही गोष्ट पूर्ण होत नाही. जनुक, आतड्यातले जंतू, भोवतालचं जग, सगळं मिळून काहीतरी घडतं. मैदा खाऊ घातला म्हणून, नोकरी केली म्हणून, दृष्ट काढली नाही म्हणून झालं, हे मात्र नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत या आजारांसाठी संस्था उभी राहिली तेव्हा संस्थापकांत क्रोन्स असलेल्या मुलाचे आईवडील होते. डॉक्टरांना प्रश्न विचारणारे पालक तिथून पुढे वाढत गेले.

उपचारांचं थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली, मुलांसाठी २००६ मध्ये. ते देण्याआधी टीबी तपासावाच लागतो. मुलांसाठी आणखी एक उपाय आहे, आणि तो औषधच नाही : सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण बंद, फक्त ठरावीक द्रव आहार. सूज उतरवायला तो स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो आणि स्टेरॉइडसारखी वाढ खुंटवत नाही. सांगायला सोपं आहे. घरात दिवाळीचा फराळ तळला जात असताना पोराला ग्लास हातात देणारी आई काय करते, ते निकषांमध्ये लिहिलेलं नसतं. काही घरांत मग सगळेच त्या दिवसांत चकली पुढे ढकलतात.

प्रश्नांकडे वळण्याआधी एक कामाची गोष्ट. लसीकरणाचं जुनं कार्ड फेकू नका. त्यावर वजन लिहिलेलं असतं, काही ठिकाणी उंचीही. शाळेच्या आरोग्य तपासणीचे कागद असतील तर तेही काढा. मुलाची रेघ कोणत्या वर्षी खाली वळली, हे बायोप्सीला सांगता येत नाही. त्या पिवळ्या पडलेल्या कार्डाला येतं. डॉक्टरांकडे जाताना ते बरोबर घ्या.