प्रेमातून माया उकलणाऱ्या पोथ्या

जौनपूरचा जैन व्यापारी बनारसीदास तरुणपणी आग्र्यात धंद्यात पार बुडाला. बाजारात जायची सोय उरली नाही. मग तो घरीच बसे, कचोरीवाल्याकडून उधारीवर खाई आणि रात्री ‘मधुमालती’ व ‘मिरगावती’ या पोथ्या वाचून दाखवी. ऐकायला दहा-वीस माणसं जमत. १६४१ साली लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यानेच हे सांगितलं आहे.

वाचणारा जैन, लिहिणारे सूफी, भाषा अवधी आणि कथेतले राजपुत्र हिंदू. ही परंपरा सुरू झाली १३७९ मध्ये, डलमऊच्या मौलाना दाऊदच्या ‘चांदायन’पासून. अहिरांमध्ये गायली जाणारी लोरिक-चांदाची लोककथा त्याने काव्यात आणली. दिल्लीत एक शेख या काव्याचे भाग मशिदीतल्या मिंबरावरून (प्रवचनाच्या आसनावरून) वाचत, अशी नोंद इतिहासकार बदायुनीने केली आहे. लोकांनी कारण विचारलं, तेव्हा ही कथा ईश्वरी सत्याने भरलेली आहे, असं शेखनी सांगितलं.

हे सत्य उलगडतं कसं, ते मंझनच्या ‘मधुमालती’त (१५४५) सर्वांत सुंदर दिसतं. अप्सरा झोपलेल्या मनोहरला पलंगासकट उचलून मधुमालतीच्या महालात नेतात. दोघं जागी होतात, ही ओळख सृष्टीच्याही आधीची आहे असं मनोहर तिला सांगतो, अंगठ्यांची अदलाबदल होते. सकाळी तो पुन्हा आपल्या घरी. स्वप्न म्हणावं, तर बोटात तिची अंगठी! त्या क्षणापासून राजवाडा, गादी, आईबाप, सगळं त्याला पोकळ वाटू लागतं आणि तो जोगी होऊन निघतो. जग खोटं आहे, हे त्याला कुणी वाद घालून पटवलेलं नाही. त्याहून खरं काहीतरी त्याने एका रात्रीत पाहिलं आहे. वेदान्ताच्या ग्रंथांत जे पानोपानी सिद्ध करावं लागतं, ते इथे एका अंगठीने होतं. मंझनचं मोठेपण यातच आहे.

याची उलट बाजू जायसीच्या ‘पद्मावत’मध्ये (१५४०) दिसते, ती दिल्लीचा सुलतान अल्लाउद्दीन याची. तो आरशात चितोडच्या राणी पद्मावतीचं प्रतिबिंब पाहतो आणि ते बळाने मिळवायला निघतो. हाती येते ती राख. काही हस्तलिखितांत शेवटी ‘चितोड म्हणजे शरीर, पोपट म्हणजे गुरू, अल्लाउद्दीन म्हणजे माया’ अशा अर्थाचा उलगडा आहे. माताप्रसाद गुप्त यांनी तो प्रक्षिप्त ठरवला. ते योग्यच वाटतं, कारण अशी किल्ली हातात दिली की कथा कोडं होऊन बसते. पद्मावतीसाठी झुरणाऱ्या राजा रत्नसेनाचा विरह ऐकणाऱ्याला त्या किल्लीची गरजच पडत नाही.

पुढे मधुमालतीची कथा दख्खनमध्ये उतरली. विजापूरच्या आदिलशाही दरबारातल्या नुसरतीने १६५७ च्या सुमारास तिच्यावर दखनीत ‘गुलशन-ए-इश्क’ रचलं. आणि ‘चांदायन’च्या एका जुन्या सचित्र पोथीची पानं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत.