तंजावरची मुक्तावली आणि आपली मुले
मराठी बालवाङ्मयाच्या दोन शतकांचा मागोवा व एक वाचन-संकल्प

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला 'अभिजात भाषा' म्हणून मान्यता दिली आणि देशभरच्या मराठी मंडळांतून आनंदोत्सव झाले. ते उचितच होते. परंतु भाषेचे अभिजातपण शासकीय निर्णयाने जाहीर होत असले, तरी ते टिकते घराघरांतील वाचनाने. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुलांसाठी वाचनाचा एक उपक्रम हाती घ्यावा, त्यासाठी मराठीतील उत्तमोत्तम बालपुस्तके निवडावीत, असा विचार पुढे आला आहे. निवड करावयाची म्हणजे निकष हवेत, आणि निकष हवेत म्हणजे इतिहासाकडे वळणे आले. तो इतिहास महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांस विशेष जवळचा वाटेल, असा आहे.

मुलांसाठी छापलेल्या मराठी पुस्तकाचा जन्म पुण्यात झाला नाही, मुंबईतही झाला नाही. तो झाला कावेरीकाठी, तंजावरला. व्यंकोजीराजांच्या वंशातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात आपल्या राजधानीत देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. त्याचे नाव 'नवविद्याकलानिधी'. याच छापखान्यातून सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या नीतिकथा 'बालबोधमुक्तावली' या नावाने बाहेर पडल्या. पेशवाई अद्याप नांदत होती, आणि त्या काळी एक मराठी राजा तमिळ मुलखात मराठी मुलांच्या हाती छापील पुस्तक ठेवीत होता! त्यानंतर अल्पावधीतच बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून, विल्यम कॅरे व वैजनाथ पंडित यांच्या परिश्रमाने, 'सिंहासनबत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) मोडी लिपीत छापले गेले. ही पुस्तके कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकविण्यासाठी होती हे खरे. तथापि मराठी कथावाङ्मयाच्या मुद्रणाची आरंभीची पावले दूरदेशीच उमटली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष महाराष्ट्रात हे कार्य सुरू झाले ते इंग्रजी अमलात. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठी पुस्तके सिद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. तिच्याशी निगडित असलेल्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके १८२८ साली प्रसिद्ध झाली. 'बाळमित्र' हे मूळ बर्कें नामक फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचे, इंग्रजीच्या द्वारे केलेले भाषांतर. छत्र्यांच्या गद्याची सरलता आजही लक्षात येते. पुढे १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणावयास घेतल्या. नीतिबोधाचे ओझे खाली ठेवून कथेच्या निखळ आनंदासाठी वाचावे, असे काही प्रथमच मराठी घरांत शिरले.

नंतरचे युग नियतकालिकांचे. मिशनरी मंडळींचा 'बालबोधमेवा' १८७२ मध्ये सुरू झाला आणि १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक काढले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा चौरस आहार ओकांनी तीन दशकांहून अधिक काळ मुलांना दिला. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केला. 'बालबोध' आणि 'आनंद' या दोन नावांतच दृष्टिकोनातील बदल स्पष्ट दिसतो. मुलाला शहाणे करावयाचे, हा पहिल्याचा हेतू; मुलाला रमवावयाचे आणि रमता रमता शहाणे होऊ द्यावयाचे, हा दुसऱ्याचा.

याच सुमारास बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९१० पासून विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साह्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले आणि 'श्री सयाजी बालज्ञानमाला' प्रसिद्ध केली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य करीत होत्या, तेही गुजरातेतच. पुढील काळात तर मराठी मुलांचा लाडका 'चांदोबा' १९५२ पासून मद्रासहून येऊ लागला. तो आता बंद पडला असला, तरी विक्रम-वेताळाच्या गोष्टींसाठी पोस्टमनची वाट पाहिलेले अनेक वाचक आपल्या मंडळात आजही आहेत.

इतके सगळे दूरदेशी घडले. मग आपल्याच मुलांच्या हाती मराठी पुस्तक का दिसत नाही? या प्रश्नाचे उत्तरही तंजावरच देते. १८५५ साली तेथील राज्य खालसा झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. तेथील अनेक मराठी कुटुंबांनी आपली बोली घरात आजतागायत जतन केली आहे, ही केवढी अभिमानास्पद गोष्ट! परंतु लिहिण्या-वाचण्याचे व्यवहार बहुतांशी तमिळमध्ये गेले. बोली उरली, वाचन गेले. आणि वाचन गेल्यावर ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंतचे सारे दालन बंद झाले. आपल्या तिसऱ्या पिढीची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे. मुले आजीशी मराठी बोलतात, परंतु मराठी पान समोर आले की अडखळतात. हिंदी भाषक प्रांतांत वाढलेल्या मुलांना देवनागरी येते, तरीही 'ळ' पाशी आणि जोडाक्षरांच्या पलीकडच्या मराठी वळणांपाशी ती थबकतात. इतरत्र तर लिपीपासूनच प्रारंभ करावा लागतो.

म्हणून पुस्तकांची निवड करताना दोन गोष्टींचा विवेक राखला पाहिजे. पहिली अशी की, इतिहासातील मान आणि आजची वाचनीयता ह्या भिन्न वस्तू आहेत. 'बाळमित्र' आपल्याला वंदनीय आहे; पण तो आजच्या मुलाच्या हाती दिल्यास ते पुन्हा मराठी पुस्तकाकडे फिरकणार नाही. पिढी बदलली, पोशाख बदलले, तरीही मूल जे आपण होऊन दुसऱ्यांदा वाचावयास मागते, तेच बालवाङ्मयात अभिजात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. परप्रांतातील बारा वर्षांच्या मुलाचे मराठी कित्येकदा आठ वर्षांच्या मुलाइतके असते. बुद्धी मात्र बारा वर्षांचीच असते. त्याला चिऊ-काऊची गोष्ट दिली तर त्याचा अपमान होतो, आणि 'श्यामची आई' एकदम दिली तर दमछाक होते. येथे भा. रा. भागवतांसारखा लेखक तारून नेतो. इंदूरला जन्मलेल्या या लेखकाचा फुरसुंगीचा फास्टर फेणे इतक्या वेगाने धावतो की, अनोळखी शब्द ओलांडून मूल त्याच्यामागे जातेच. आणि जे वेगाने साधत नाही, ते मोठ्याने वाचून दाखविण्याने साधते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली 'श्यामची आई' हे तर रात्रीरात्रीने सांगितलेल्या आठवणींचेच पुस्तक आहे. ते एकट्याने डोळ्यांनी वाचण्यापेक्षा आईवडिलांच्या तोंडून रोज एक रात्र ऐकावे, हेच त्याच्या घडणीशी सुसंगत होय.

या विचाराने तीन गट करून प्रत्येकासाठी चार पुस्तके सुचवितो. लहान गटासाठी विंदा करंदीकरांची 'राणीची बाग', माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' व त्यांनीच संपादिलेले 'वाचू आनंदे' (बालगट), आणि इसाप व पंचतंत्र यांच्या गोष्टींचा एखादा सचित्र संग्रह. मधल्या गटासाठी ना. धों. ताम्हनकरांची 'गोट्या' व 'चिंगी', भागवतांचा 'फास्टर फेणे', आणि 'सुरस व चमत्कारिक गोष्टीं'ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती. मोठ्या गटासाठी 'श्यामची आई', प्रकाश नारायण संतांचा 'वनवास', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'.

शेवटची दोन मुलांसाठी लिहिलेली नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मोठ्यांच्या पुस्तकांवर मुलांनी हक्क सांगावा, ही जगभरची रीत आहे. त्यातही वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघतो, सत्तावन्नच्या वणव्यात सापडतो आणि झाशीच्या वेढ्यातून जिवानिशी परततो, ही कथा ग्वाल्हेर, झाशी, काशी ही नावे रोज ऐकणाऱ्या मुलास परकी कशी वाटेल? पोटासाठी घर सोडून आलेल्या आपणा सर्वांचा तो पूर्वसूरीच आहे.

वर्षाला चार पुस्तके म्हणजे तीन महिन्यांस एक. हा वेग कोणालाही झेपेल. स्पर्धा, गुण, क्रमांक यांत हा उपक्रम अडकू नये; पुस्तक संपविलेल्या मुलाने मंडळाच्या बैठकीत त्यातील आवडलेली गोष्ट मराठीत सांगावी, एवढीच अट पुरे. पारितोषिक द्यावयाचेच असेल तर पुढचे पुस्तक द्यावे. आणि पालकांनीही त्या तीन महिन्यांत तेच पुस्तक वाचावे, कारण ज्या घरात मोठी माणसे वाचीत नाहीत, त्या घरात मुलांना केलेला उपदेश भिंतींनाच ऐकू जातो.

सरफोजीराजांपाशी राज्य होते, छापखाना होता, पंडित होते. आपल्यापाशी यांपैकी काही नाही. आहे ते मंडळाचे एक सभागृह, पुस्तकांची काही कपाटे आणि रविवारची संध्याकाळ. एवढ्या भांडवलावर मुक्तावलीतील मोती पुन्हा ओवणे अशक्य नाही. मंडळाच्या शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा ती मराठीतच निघावी आणि आजची ही मुले तीत लेख लिहिणारी व्हावीत, यासाठी हा संकल्प याच वर्षी सुरू व्हावा, ही सर्व सभासदांस नम्र विनंती.